काट्यावरचा पांढरा तारा

अण्णा, आज दुपारी तीन वाजायच्या आत मी एक तारा तोलला. थापा मारत नाहीये. तुमच्या कळंबोलीच्या काट्यावर लोखंडाचा ट्रक तोलायचात ना, अगदी तसाच, तुमच्याच पद्धतीनं. आधी भरली गाडी, मग खाली, म्हणजे रिकामी गाडी, मग वजाबाकी. भरभर लिहितेय म्हणून अक्षर असं वेडंवाकडं आलंय, नाहीतर माझं अक्षर तुम्हाला माहीत आहे, त्या अक्षरापायी तर तुम्ही मला पावत्या लिहायला बसवलंत. आज लिहायला दोन कारणं आहेत, दुसरं मागाहून सांगते. तुम्हाला जाऊन एकोणीस वर्षं झाली आणि एवढ्या वर्षांत मी तुम्हाला एक ओळ लिहिली नाही. आज मात्र कुणाला सांगू आणि कुणाला नको असं झालं आणि पहिले तुम्हीच आठवलात. आईला सांगितलं, नाही असं नाही. ती म्हणाली, "बरं झालं बाई. आता दोन घास खाऊन घे."

आता तुम्ही विचाराल, भर दुपारी तारा आणला कुठून? आम्ही कामोठ्यात राहतो आता, मी आणि आई, तिसऱ्या मजल्यावर. खिडकीतून समोरच्या सोसायटीची पाण्याची टाकी दिसते, तारे दिसतात डोंबलाचे! पण पृथ्वीच्या पार पलीकडे, चिली नावाच्या देशातल्या वाळवंटात एक मोठी दुर्बीण आहे. आपल्याकडे एप्रिलची दुपार तापलेली असते तेव्हा तिथे पहाट व्हायची असते. ती दुर्बीण तिथे फोटो काढते आणि ते इथे माझ्या लॅपटॉपवर उतरतात, स्वयंपाकघरातल्या टेबलावर, एका बाजूला आईनं निवडलेली मेथी आणि दुसऱ्या बाजूला माझ्या कॉलेजच्या पेपरांचा गठ्ठा. मी पनवेलला ज्युनियर कॉलेजात फिजिक्स शिकवते, ते तुम्ही पाहून गेलात. हे ताऱ्यांचं वेड मात्र नंतरचं, म्हणजे होतं आधीपासून, पण डोकं वर काढलं गेल्या तीन-चार वर्षांत. पुण्याची एक संशोधक बाई आम्हा शिक्षकांसाठी रविवारी वर्ग घेते. वयानं माझ्याहून बारा वर्षांनी लहान, पण या कामात माझी गुरू. ती मला मॅडम म्हणते, मी तिला मॅडम म्हणते, दोघी मॅडम. तिनं अर्ज केला, गणित करायचं काम माझ्यावर सोपवलं, आणि आम्हाला त्या दुर्बिणीवर दीड तास मिळाला. एकदाच, दीड तास. हुकला असता तर पुन्हा नंबर कधी लागेल ते तिलाही सांगता येत नव्हतं.

तारा म्हटलं खरं, पण ती जोडी आहे. एक पांढरा, एक लाल. पांढरा म्हणजे म्हातारा झालेला तारा. जळायचं ते जळून गेलं, वरची सालं उडून गेली, उरलाय तो आतला गोळा, तापून पांढराफेक झालेला. आकार आपल्या पृथ्वीएवढा, आणि वजन? सूर्याच्या निम्म्याच्या आसपास! अण्णा, त्यातला चमचाभर माल काट्यावर टाकला तर भरल्या टेम्पोचा आकडा दाखवेल. पुस्तकात त्याला श्वेतबटू म्हणतात. मला ते नाव आवडत नाही, मी त्याला पांढऱ्या म्हणते, बैलाला म्हणतात तसं. दुसरा तो लाल्या. अंगानं पांढऱ्याच्या कितीतरी पट मोठा, पण उजेड बेताचा. दोघं एकमेकांभोवती तीन तासांत एक फेरा मारतात. विचार करा, एवढे वजनदार बाप्ये आणि भरल्या ट्रकला कळंबोलीहून पुण्याला पोचायला लागतो तेवढ्या वेळात एक फेरा! आणि आपण नेमके अशा जागी आहोत की प्रत्येक फेऱ्यात एकदा पांढऱ्या लाल्याच्या मागे दडतो. म्हणजे ग्रहण. दर तीन तासांनी ग्रहण, आणि पाळतं कुणी नाही.

पण ही जोडी इतकी लांब आहे की मोठ्यातल्या मोठ्या दुर्बिणीतही एकच ठिपका दिसतो. दोघांचा उजेड एकत्र. मग त्यातला पांढऱ्याचा किती आणि लाल्याचा किती हे कसं कळणार? हा प्रश्न पुण्याच्या मॅडमनी वर्गात विचारला तेव्हा सगळे शिक्षक वह्यांत बघायला लागले आणि मी शाळेतल्या पोरीसारखी हात वर करून ओरडले, "खाली गाडी तोलायची!" सगळे माझ्याकडे बघायला लागले. पण बरोबर होतं की नाही सांगा! दोघं समोर असताना उजेड मोजा, ती भरली गाडी. पांढऱ्या मागे गेला की पुन्हा मोजा, आता एकटा लाल्या, ती खाली गाडी. वजा केलं की उरला तो पांढऱ्याचा माल. दोघांचे वेग पूर्वी कुणीतरी मोजून ठेवले होते. ग्रहण होतं एवढंही ठाऊक होतं. पण पांढऱ्या पुरता दडतो की अर्धाच, किती खोल, किती मिनिटं, हे कुणी नीट टिपलं नव्हतं. ते कळलं की जोडी आपल्याकडे किती कललीय ते कळतं, आणि कल कळला की वजन निघतं. सगळं त्या ग्रहणाच्या काही मिनिटांवर अडलं होतं.

तुमची ती केबिन आठवतेय मला आज सारखी. पत्र्याची, खिडकीला गज, समोर जमिनीसरसा काट्याचा लोखंडी प्लॅटफॉर्म. मी तेरा वर्षांची आहे. मे महिन्याची सुट्टी. ट्रक प्लॅटफॉर्मवर चढतो तेव्हा केबिनमधला माठ हलतो आणि लाल आकडे धावत सुटतात, धावतात, अडखळतात आणि थांबतात. तुम्ही आकडे थांबल्यावरसुद्धा मनात दहापर्यंत मोजता आणि मगच मला सांगता, "ल्ही." मी कार्बन घालून लिहिते. सळ्यांनी भरलेली गाडी अमुक किलो. मग ती गाडी कुठल्या तरी गाळ्यावर माल उतरवते, तासाभरानं खडखडत परत येते, पुन्हा काट्यावर चढते. खाली गाडी अमुक किलो. मग वजाबाकी, मग सही, मग पावती फाडायची. नेहमीच्या गाड्यांची खाली वजनं मला पाठ झाली होती. चाळीस गाड्यांची! ड्रायव्हर लोक गंमत म्हणून विचारायचे, मी नंबर ऐकला की वजन सांगायचे, ते चहा पिता पिता वाहवा करायचे आणि मी फुगायचे. तुम्ही मात्र कधी वाहवा केली नाहीत. तुम्ही नुसतं माझ्याकडे बघायचात, आणि मला वाटायचं, अण्णांना कौतुकच नाही.

त्या दिवशी तुम्ही टपरीवर चहा आणायला गेला होता. एक नेहमीचे ड्रायव्हर काका खाली गाडी घेऊन आले आणि काट्यावर न चढवता केबिनशेजारीच थांबले. पुढे नंबर लागला होता, घाई होती. म्हणाले, "बिटिया, तेरे को तो मुँहजबानी याद है, लिख डाल." मी लिहिलं. सहा हजार दोनशे दहा. वजाबाकी केली, पावती फाडली, गाडी गेली. तुम्ही किटली घेऊन आलात, धुरळा बघितलात आणि विचारलंत, "खाली तोलली का?" मी ऐटीत म्हणाले, "पाठ आहे मला." अण्णा, तुम्ही किटली तिथेच मातीत ठेवलीत आणि पळत सुटलात. त्या उन्हात, पायात स्लिपरा, सदरा मागे उडतोय, "ओ, रुको, रुको" करत गेटापर्यंत. मला आधी हसू आलं, मग रडू. गाडी परत आणलीत. ड्रायव्हर काकांची हात जोडून माफी मागितलीत, चूक त्यांची असताना, आणि काट्यावर चढवलीत. सहा हजार तीनशे ऐंशी. एकशे सत्तर किलो जास्त. ते काका स्वतःच तोंडात बोट घालून उभे. त्यांनी मागचा लाकडी फाळका काढून लोखंडी बसवला होता, गेल्याच आठवड्यात, आणि ते त्यांच्याही ध्यानात नव्हतं.

तुम्ही मारलं नाहीत. मारलं असतंत तर बरं झालं असतं. पावती फाडून नवी केलीत, स्वतः, आणि पेन तुमच्या खिशाला लावलंत. "गाडी तीच असती," तुम्ही म्हणालात, "पर रोज तीच नसती. डिझेल असतं, चिखल असतो, फाळका असतो. पाठ हाय म्हणून तोलायचं नाही? खाली गाडी बी तोलायची. दर बारीला." मग एक प्रश्न विचारलात, त्याचं नंतर सांगते. आणि म्हणालात, महिनाभर पेनाला हात लावायचा नाही. मी चार दिवस तुमच्याशी बोलले नाही. आईला सांगितलं, अण्णा लई खडूस आहेत. आई म्हणाली, "खडूस न्हाई, काटेवाला हाय त्यो. काटा हलला तर त्येचं पोट दुखतं."

पाचव्या दिवशी तुम्ही घरी येताना भंगाराच्या गाडीतून एक दुर्बीण आणलीत. कुठल्याशा मोडलेल्या जहाजावरची, एवढी जड, दोन डोळ्यांची, त्यातला एकच चालायचा. डबा ठेवतात तशी ओट्यावर ठेवलीत. म्हणालात, "यातून बघ. लांबचं दिसतं म्हणं. पाठ करू नको, बघून सांग." संध्याकाळी चाळीच्या गच्चीवर मी डावा डोळा मिटून चंद्र बघितला आणि किंचाळले. खड्डे! अण्णा, खड्डे आहेत! तुम्ही बघितलंत आणि म्हणालात, "आपल्या रस्त्यावानी." तुमचा राग तिथेच गेला की माझा गेला, कुणास ठाऊक. ती दुर्बीण आहे अजून, कपाटावर, बुरशी लागलीय. आणि तुमचं शेवटचं अर्धं राहिलेलं पावतीपुस्तकही आहे, कार्बनसकट.

तर आजची दुपार. गणिताप्रमाणे दोन वाजून शेहेचाळीस मिनिटांनी पांढऱ्या मागे जाणार होता. हे गणित मी हातानं केलं होतं, वहीत, उभी बेरीज-वजाबाकी, मला तशीच सवय. दर दहा सेकंदांना एक फोटो, प्रत्येक फोटोतून उजेडाचा एक आकडा, आणि आकड्याचा स्क्रीनवर एक ठिपका. ठिपके एका रांगेत, सरळ, मुंग्यांसारखे चाललेले. फोनवर स्पीकर लावून पुण्याच्या मॅडम. आई शेजारी खुर्ची ओढून बसली, तिला दुपारची झोप आजकाल लागत नाही. "काय बघायलीस गं एवढं त्या ठिपक्यांत?" मी म्हटलं, गाडी यायची आहे. दोन शेहेचाळीस झाले. ठिपके सरळ. सत्तेचाळीस. सरळ. अठ्ठेचाळीस. तरी सरळ. एकोणपन्नास झाले आणि मॅडम फोनवरून म्हणाल्या, "मॅडम, जुनं वेळापत्रक बिघडलेलं दिसतंय. आता ग्रहण तीन तासांत कुठेही असू शकतं. तीनला तिथे फटफटायला लागेल. उरलेली दहा मिनिटं निळ्या फिल्टरमध्ये घेऊ या का, पांढऱ्याचा रंग तरी मिळेल? लाल्याचा एकट्याचा उजेड जुन्या नोंदीतून उचलू, काम भागेल."

काम भागेल! अण्णा, माझ्या कानात तुमच्या स्लिपरा वाजल्या. मी जवळजवळ ओरडलेच, "नको, नको, खाली गाडी तोलल्याशिवाय पावती फाडायची नाही!" मॅडमनी विचारलं, "काय म्हणालात?" मी म्हटलं, "जुनी नोंद नको. थांबू या. दहाच मिनिटं आहेत ना, गेली तर गेली, माझ्या डोक्यावर." त्या बिचाऱ्या म्हणाल्या, "बरं, तुमचं गणित, तुम्ही म्हणाल तसं." आणि मी टेबलाची कड धरून बसले. दोन पन्नास. एक ठिपका जरासा खाली. मला वाटलं भास. पुढचा अजून खाली. त्याच्या पुढचा धाडकन खाली, आणि त्याच्या पुढचा तळाला! "गेला!" मी ओरडले. "गेला, गेला, गेला!" मॅडम ओरडल्या. अर्ध्या मिनिटात सगळा पांढऱ्या गडप, कारण तो आहेच मुळी एवढासा. आणि मग तळाला ठिपके परत सरळ. सपाट. अगदी सपाट! सपाट म्हणजे पुरतं ग्रहण, पांढऱ्याचा किरणभरही उजेड बाहेर नाही, एकटा लाल्या. आई पुढे वाकून बघत होती. म्हणाली, "हे ठिपके खाली जाऊन बसलेत की सारे." मग जरा थांबून म्हणाली, "तुजा बाप बी असंच बसायचा. आकडे थांबले तरी बघतच राह्यचा." मी मनात दहापर्यंत मोजत होते, अण्णा. खरंच मोजत होते.

आणि दोन सत्तावन्नला पांढऱ्या बाहेर आला. तसाच धाडकन, ठिपके उडी मारून वर. तीनला एक मिनिट कमी असताना फोटो उजळायला लागले, तिथे पहाट झाली, आणि दुर्बिणीनं डोळा मिटला. आत जाताना, आत असताना, बाहेर येताना, तिन्ही आम्हाला मिळालं होतं. अर्ध्या तासात मॅडमनी आकडे बसवून पाहिले आणि कच्चं वजन सांगितलं. सूर्याच्या निम्म्याहून थोडं जास्त. मी स्वयंपाकघरात एकटी नाचले. आईनं टाळी वाजवली, कशासाठी ते तिला माहीत नव्हतं, पण वाजवली. मग मी शिरा करायला घेतला, रवा भाजता भाजता फोन पुन्हा वाजला. मॅडमचा आवाज चिरकत होता. "मॅडम, मगाशी लक्षातच आलं नाही. ग्रहण चार मिनिटं उशिरा झालं! चार मिनिटं म्हणजे केवढं! तिथे तिसरा कुणीतरी आहे. ग्रह असेल!" त्यांचं म्हणणं असं, की या जोडीभोवती तिसरं काही फिरत असेल तर त्याच्या ओढीनं जोडी जराशी पुढे-मागे हिंदकळते, आपल्यापासून लांब गेली की उजेड पोचायला उशीर. संध्याकाळी सहाला त्या हे जगभरच्या लोकांना कळवणार होत्या, म्हणजे बाकीचेही दुर्बिणी वळवतील. "तुमचं नाव आधी घालते," म्हणाल्या. अण्णा, रवा करपला.

साडेचार वाजता, नव्यानं रवा भाजून केलेला शिरा खात खात मी वही उघडली. तपासायला म्हणून उघडली नव्हती, खरं सांगते, कौतुकानं उघडली होती, आपलं गणित परत बघावं म्हणून. आणि बघितलं. आपली पृथ्वी सूर्याभोवती फिरते, तेव्हा कधी ती त्या ताऱ्याच्या थोडी अलीकडे असते, कधी थोडी पलीकडे. अलीकडे असली तर ताऱ्याचा उजेड आपल्यापर्यंत लवकर येतो, पलीकडे असली तर उशिरा. वेळापत्रक सूर्याच्या हिशोबानं असतं, म्हणून दर वेळी ही उजेडाची मिनिटं अधिक किंवा वजा करावी लागतात, या खेपेला दोन. ऑगस्टमध्ये सराव म्हणून मी हेच गणित केलं होतं, तेव्हा पृथ्वी अलीकडे होती, वजा करायचं होतं. आता एप्रिल. पृथ्वी पलीकडे. अधिक करायचं होतं. आणि मी आकडा नवा काढला, पण 'वजा' मात्र ऑगस्टच्या पानावरून उचललं. पाठ होतं ना! दोन मिनिटं इकडची, दोन तिकडची, झाली चार. तिसरा कुणी नव्हता. तो ग्रह माझ्या वहीतला एक वजाचा डॅश होता.

पाऊण तास मी ते पान पुढ्यात घेऊन बसले. शिरा गार झाला. मनात काय काय आलं ते तुमच्यापासून कशाला लपवू? आलं, की सहाला कळवू देत, पुढे कुणीतरी तपासेल, तेव्हा म्हणू, अरेच्चा. आलं, की आयुष्यात एकदा नाव आधी येतंय. आलं, की ती तरुण मुलगी एवढी नाचतेय, तिच्या तोंडाचा घास कसा काढू. पण सहाला ती ते कळवणार आणि ऐकणारे हसणार ते तिला, मला कोण ओळखतं? गाडी गेटाबाहेर निघाली होती, अण्णा. आई टीव्हीसमोरून म्हणाली, "कामून गुमान बसलीस? मघा तर नाचत हुतीस." मी म्हटलं, "चूक झालीय गं." ती म्हणाली, "मग सांग की ज्याला सांगायची त्याला. मला सांगून काय उपेग?"

सव्वापाचला फोन लावला. पहिलंच वाक्य म्हणाले, "मॅडम, थांबा, कळवू नका. चूक माझी आहे. जिथे अधिक हवं तिथे मी वजा केलंय." त्या म्हणाल्या, "म्हणजे ग्रह गेला." मी म्हटलं, "गेला." "आणि वजन?" "वजनाला धक्का नाही. किती मिनिटं दडला आणि किती खोल गेला, त्याचा घड्याळातल्या चार मिनिटांशी संबंध नाही. भरली गाडी तोललीय, खाली गाडी तोललीय." आणि त्या हसल्या हो! आधी थोडं, मग खदखदून, आणि मलाही हसू फुटलं, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. "मॅडम," त्या म्हणाल्या, "खाली गाडीसाठी तुम्ही अडून बसला नसतात ना, तर आज हातात काहीच नसतं." मग आवाज जरा खाली आणून त्यांनी विचारलं, "एक विचारू? बाकीच्या पानांवर असं आणखी कुठे झालं असेल का?"

हाच तो प्रश्न, अण्णा. त्या दिवशी तुम्हीही हाच विचारला होता. नवी पावती करून झाल्यावर, पेन खिशाला लावून, माझ्यासमोर उकिडवे बसलात आणि हळू आवाजात म्हणालात, "याच्या आदी आनिक कुठली गाडी अशी सोडलीस का? सांग. रागवत न्हाई." तुमच्या कपाळावरून घाम गळत होता आणि श्वास अजून लागत होता. आज मी मॅडमना म्हणाले, "असू शकेल. सगळी पानं पुन्हा करते, पहिल्यापासून." जेवणं झाली की बसणार आहे. हे पत्र तुमच्या त्या अर्ध्या पावतीपुस्तकात ठेवते, दुसरीकडे कुठे पाठवणार? पांढऱ्या तोलला गेला याचा आनंद पोटात मावत नाहीये आणि तो पहिला तुम्हालाच सांगायचा होता, ते सांगून झालं. पण तेव्हा मी तुम्हाला म्हणाले होते, "नाही अण्णा, ही पहिलीच." तुम्ही "बरं" म्हणालात आणि मातीतून किटली उचलून मला चहा ओतलात. ती पहिली नव्हती. चौथी होती. आधीच्या तीन गाड्यांच्या मागे कुणी धावलं नाही. त्यांचे नंबर मला अजून पाठ आहेत.